काडीनं वाचायचं, बोटानं दाबायचं

सुभान्या नावाच्या मेंढ्यानं मला मागून धडक दिली, तेव्हा माझ्या दोन्ही हातांत आमच्या हिची ठेवणीतली पांढरी चादर ताणून धरलेली होती. "हा अपघात प्रौढ साक्षरतेचं काम करताना झाला," असं मी नंतर डॉक्टरांना तीनदा सांगितलं. त्यांनी केसपेपरवर 'जनावराने मारले' एवढंच लिहिलं. एकतीस वर्षं विमा कचेरीत इज्जतीनं काढलेल्या माणसाच्या नावे अशी नोंद व्हावी, याचं दुःख मला त्या दुखऱ्या जागेपेक्षा जास्त झालं.

पण मी मधूनच सुरुवात केली. नीट सांगतो.

मी निरंजन आगाशे. नांदे गावात सात मजली सोसायटीत राहतो, आणि सोसायटीचा सचिव आहे. निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात आशालता, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली, "अहो, दिवसभर घरात बसून डब्यांची झाकणं तपासण्यापेक्षा काहीतरी समाजकार्य करा." म्हणून मी गावच्या समाजमंदिरात संध्याकाळी प्रौढांचा वर्ग घ्यायला लागलो. अकरा विद्यार्थी. दहा बायका आणि एक विठ्ठलराव, जे चहा झाला की उठून जायचे.

त्या दहांमध्ये राजाबाई कोकरे होत्या. वय अठ्ठावन्नच्या आसपास, गावामागच्या उतारावर चाळीस मेंढ्या आणि दहा-बारा शेरडं राखणाऱ्या. आयुष्यात पहिल्यांदा पाटी धरली, पण हट्ट असा की 'क' बरा आला नाही तर पाटी पुसायच्या नाहीत, फोडायला निघायच्या. माझी शिकवण्याची पद्धत शास्त्रशुद्ध होती. एकच नियम: बोट अक्षराखाली. बोट पुढे पळता कामा नये आणि मागे राहता कामा नये. हा नियम मी आठ महिने त्यांच्या डोक्यात अक्षरशः ठोकला. पुढचं सगळं महाभारत या नियमानंच घडवलं, पण तेव्हा ते मला कुठून कळणार?

डिसेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर राजाबाई थांबल्या.

"गुर्जी, परदर्शनाचा फारम भरायचाय."

तालुक्याचं जनावरांचं प्रदर्शन पौडला भरतं. यंदापासून प्रदर्शन समितीनं कागदी अर्ज बंद केले होते. सगळं वेबसाइटवर. मुदत पंधरा जानेवारी, संध्याकाळी सहा.

"द्या इकडे, पाच मिनिटांत भरून टाकतो," मी म्हणालो.

"तुमी न्हाई. मी भरनार. तुमी नुसतं बसायचं."

"का हो?"

त्यावर त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला. गेल्या वर्षीचा. सुभान्या मेंढ्यांमध्ये पहिला आलेला. शेजारी फेटा बांधून, छाती काढून उभा असलेला त्यांचा धाकटा दीर धनाजी.

"फारम त्येनं भरला. फोन त्येच्याकडं व्हता, मला वाचाया येत न्हवतं. नाव टाकलं सवताचं. मायकावर पुकारलं, धनाजी कोकरे! फेटा त्येला, फोटू त्येचा, चौकात फ्लेक्सबी त्येचाच. आन मी कुटं हाय, बगा."

मी चष्मा वर करून बघितलं. फोटोच्या कडेला मेंढ्याचं दावं धरलेला एक हात आला होता. कोपरापर्यंत. हातात हिरव्या बांगड्या.

"सुभान्याची आय त्येला जनून दुसऱ्या दिशी मेली, गुर्जी. शेरडीच्या दुधावर बोळ्यानं वाडवलाय त्येला मी. चुलीम्होरं निजवलाय. धनाजीनं कदी त्येच्या म्होरं पाला टाकला न्हाई. मला बक्षीस नको. मायकावर माजं नाव आलं पायजे. आन फारम मी भरला तरच मला खरं वाटंल."

आता सांगा, असं ऐकल्यावर कोणता शिक्षक मागे हटेल? मी म्हणालो, "राजाबाई, एका बैठकीचं काम आहे." ही माझी पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी आमच्या गॅलरीत बैठक मांडली. माझा फोन टेबलावर ठेवला, वेबसाइट उघडून दिली आणि खुर्चीत मागे रेलून बसलो. राजाबाईंनी पदराला हात पुसले, सावरून बसल्या आणि नियमाप्रमाणे पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

पान उडालं. भलतंच काहीतरी उघडलं. कुणीतरी आनंदानं ओरडत गुडघेदुखीचं तेल विकायला लागलं.

मी परत पान आणलं. त्यांनी परत बोट ठेवलं. या वेळी समितीच्या अध्यक्षांचं मनोगत उघडलं, तिसऱ्या वेळी फोननं थेट समितीच्या कचेरीला कॉल लावला. "हॅलो, हॅलो," पलीकडून आवाज आला. राजाबाईंनी फोनला नमस्कार केला.

"बोट लावू नका हो!" मी म्हणालो.

"मंग वाचू कशी? तुमीच तर सांगितलं, बोट सुटलं की अक्सर सुटलं."

डोळ्यांनी वाचा म्हटलं, तर त्यांना ओळ सापडेना. आणि तेवढ्यात, नेमकं तेवढ्यात, स्क्रीनच्या वरून एक पट्टी सरकत खाली आली आणि ती थेट त्यांच्या बोटाखाली सापडली. आमच्या सोसायटीचा ग्रुप उघडला. त्यात आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी किशोर यांनी त्याच सकाळी मतदान टाकलं होतं: 'सोसायटीच्या रस्त्यावरून मेंढ्या नेण्यास बंदी करावी का?' खाली दोन पर्याय. राजाबाईंना वाटलं हाच फारम. त्यांनी मोठ्या आवाजात, एकेक अक्षर सोडवत, 'हो' वाचलं. बोटासकट. मग 'नाही' वाचलं. तेही बोटासकट.

सचिवांनी दोन्ही बाजूंनी मत दिल्याचं एकशे बारा सभासदांनी बघितलं. संध्याकाळी लिफ्टमध्ये किशोर भेटले. हे आयटीतले, वय पस्तीस, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे तोडगा असतो.

"काका, तुम्ही नक्की कुठल्या बाजूला आहात?"

"मी साक्षरतेच्या बाजूला आहे," मी बाणेदारपणे म्हणालो, पण लिफ्टमधल्या इतर दोघांनी एकमेकांकडे बघितलं ते मला आवडलं नाही.

सगळा प्रकार ऐकल्यावर किशोर म्हणाले, "सोप्पंय काका. स्टायलस घ्या. फोनचं पेन असतं ना, ते. मी मागवतो." दोन दिवसांनी पेन आलं. राजाबाईंनी ते अक्षराखाली ठेवलं आणि गुडघेदुखीचं तेल परत सुरू झालं. ते पेन बोटापेक्षा जास्त आज्ञाधारक निघालं. किशोर म्हणाले, "हो, म्हणजे, ते त्याचसाठी असतं म्हणा." तळमजल्यावरच्या एका बाईंनी पान छापून घ्यायला सुचवलं, तर छापताना निम्मी अक्षरं चौकोन होऊन आली. आशालता म्हणाली, "तुम्हीच भरा आणि त्यांनी भरला म्हणून सांगा." मी तिच्याकडे असं काही बघितलं की ती पोळ्या करायला निघून गेली.

तोडगा शेवटी राजाबाईंनीच काढला. उतारावर बसलो होतो, मेंढ्या चरत होत्या. आता फोन त्यांचा होता, मुलानं दिलेला जुना, काचेला तडा गेलेला. माझा फोन मी या कार्यातून काढून घेतला होता. राजाबाईंनी सहज शेजारची वाळकी गवताची काडी मोडली, तिचं टोक पहिल्या अक्षराखाली ठेवलं आणि थांबल्या. काही उडालं नाही. काडी पुढे सरकवली. तरी काही नाही.

"गुर्जी! ह्येला बोट कळतंय, काडी कळत न्हाई!"

"तसं कसं?"

"तसंच हाय. काडीनं वाचायचं, बोटानं दाबायचं. झालं!"

मी स्वतः काडी घेऊन खात्री केली. खरोखरच फोन वाळक्या गवताची काडीइतकीही दखल घेत नव्हता. हे मी किशोरना सांगितलं, तेव्हा ते मला शास्त्रीय कारण समजावू लागले. मी म्हणालो, "कारण तुम्ही आता सांगताय, काडी त्यांनी आधी मोडली."

आता अर्जाकडे. पहिली चौकट: कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक. बिल्ला सुभान्याच्या कानात, कान सुभान्याच्या ताब्यात. मी कान धरला की तो डोकं झटकायचा. चार आकडे एका दिवशी मिळाले, बाकीचे दुसऱ्या दिवशी. आणि मग फोटो. 'जनावराचा चेहरा व कान स्पष्ट दिसावेत, मागील बाजू पांढरी असावी.' डोंगराच्या उतारावर पांढरी मागील बाजू कुठून आणणार? मी आशालताच्या कपाटातली चादर घेतली. विचारलं नाही, ही माझी कितवी चूक ते मी आता मोजत नाही. मेंढ्याच्या मागे चादर ताणून उभा राहिलो. राजाबाई पुढून फोटो काढत होत्या.

"गुर्जी, त्येला पाठ नका दावू हां."

पण वाऱ्यानं चादरीचं एक टोक सुटलं आणि ते धरून पुन्हा ताणताना मी वळलो. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

फोटो मात्र झकास आला. चेहरा स्पष्ट, कान स्पष्ट, आणि चादरीच्या खाली माझे दोन पाय. वेबसाइटनं तो बिनतक्रार घेतला. मी आठ दिवस उशीवर बसून जेवलो. चादरीबद्दल घरात जे बोलणं झालं ते इथे देण्यासारखं नाही.

खरी अडचण यापुढेच आली. ती वेबसाइट पंधरा मिनिटांत चौकटीत काही भरलं नाही की आपोआप बंद व्हायची आणि भरलेलं सगळं पुसून टाकायची. राजाबाईंचा वेग मिनिटाला एक ओळ. आणि त्या काहीही सोडायच्या नाहीत. वरची समितीची नावं, पत्ता, 'हे संकेतस्थळ मोबाईलवर उत्तम दिसते', सगळं. मी म्हणायचो, "अहो, हे वाचायचं नसतं! हे असंच लिहिलेलं असतं. डोळा फिरवायचा आणि खाली जायचं."

"वाचायचं नसतंय तर लिवलंय कशाला?"

अर्ध्या पानावर काडी यायची आणि पान पांढरं व्हायचं. माझा संताप अनावर व्हायचा. त्या शांतपणे म्हणायच्या, "पुन्यांदा." पहिल्या दिवशी तीन वेळा, दुसऱ्या दिवशी चार वेळा. पण चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की काडी आता वरच्या भागात थांबतच नाहीये. वाचून झालेलं सगळं त्यांना पाठ झालं होतं. चाळीस मेंढ्या तोंडावरून ओळखणारी बाई ती. "तिसऱ्या घरात आकडा, पाचव्यात गाव, त्येच्या बाजूला लाल फुली हाय ती खरी न्हाई, नुसती शोभंला हाय," असं त्या न बघता सांगायच्या. मी ते पान शंभरदा पाहिलं होतं, मला लाल फुली आहे हेच माहीत नव्हतं.

पंधरा जानेवारी. संक्रांतीचा दुसरा दिवस. संध्याकाळी पाच वाजता आमच्या गॅलरीत राजाबाई, मी, तिळगुळाची वाटी घेऊन आशालता, आणि आमचे तांत्रिक सल्लागार किशोर. धनाजीही आला होता, वहिनींना गाडीवरून परत न्यायला. माणूस तसा मनमोकळा. तिळगूळ खात म्हणाला, "वैनी, नाव कुनाचं का असंना, मेंढा घरचाच हाय की."

"घरचा हाय तर राखाया का येत न्हाईस?" राजाबाई मान वर न करता म्हणाल्या. धनाजीनं दुसरा लाडू घेतला.

पावणेसहाला सगळ्या चौकटी भरल्या. मालकाच्या नावाच्या चौकटीत 'राजाबाई जोतिबा कोकरे' ही अक्षरं त्यांनी एकेक दाबून उभी केली, तेव्हा माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू? आता तळाशी फक्त एक बारीक अक्षरांतला परिच्छेद आणि त्याखाली 'अर्ज दाखल करा' हे हिरवं बटण. इथपर्यंत राजाबाई कधी पोचल्याच नव्हत्या. मी परिच्छेदावरून डोळा फिरवला. नियम आणि अटी. जगात सगळीकडे सारख्याच.

"झालं! दाबा ते हिरवं," मी म्हणालो.

काडी परिच्छेदाच्या पहिल्या अक्षराखाली गेली.

"राजाबाई, त्यात काही नसतं! सहा वाजायला तेरा मिनिटं आहेत, पान आता उडेल!" आणि मी स्वतःच बटणाकडे बोट नेलं. त्यांनी काडीनं माझ्या बोटावर सटकन मारलं. मेंढराला मारतात तसं, न बघता.

"थांबा वाईच. ग... त... व... र्षी. गतवर्षी म्हंजी?"

"मागच्या वर्षी," मी चिडून म्हणालो.

"नों-द अस-ले-ल्या जना-व-रा-च्या... मा-ल-का-चे... गत-वर्षी-चे-च नाव... का-यम ध-रून... पु-का-र-ण्यात ये-ईल."

आशालतानं वाटी खाली ठेवली.

"गुर्जी, म्हंजी वर मी माजं नाव घातलं, तरी मायकावर धनाजीच?"

मी चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच तो परिच्छेद नीट वाचला. "हो."

धनाजीचं चघळणं थांबलं होतं. किशोरनी फोनमध्ये डोकं घातलं. राजाबाईंनी काडी पुढे सरकवली. "नाव ब-द-ला-य-चे अस-ल्यास... शे-जा-र-ची खूण का-ढा-वी." शेजारी बारीक चौकट होती आणि तिच्यात आधीपासूनच बरोबरची खूण करून ठेवलेली होती. त्यांनी काडी बाजूला ठेवली, बोट पदराला पुसलं, आणि ती खूण काढली. लगेच नवी चौकट उघडली: 'बदललेले नाव पुन्हा लिहा.' सहाला आठ मिनिटं. रा. जा. बा. ई. सगळी गॅलरी श्वास रोखून बघत होती. 'कोकरे'तला शेवटचा 'रे' पडला तेव्हा सहाला दोन मिनिटं होती. मग त्यांनी ते हिरवं बटण दाबलं, आपल्या बोटानं, आणि अर्जाचा क्रमांक आला.

धनाजी उठून म्हणाला, "वैनी, मला खरंच म्हाईत न्हवतं हो हे." आणि तिसरा लाडू त्यानं वहिनींच्या हातावर ठेवला.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. लाज वाटली, उघड सांगतो. एकतीस वर्षं मी विम्याच्या फॉर्मवर पेन्सिलीनं बारीक फुली मारली आणि समोरच्या माणसाला म्हणालो, "इथे सही करा, वाचत बसू नका, सगळं स्टँडर्ड असतं." किती जणांनी केली असेल? आणि नंतर कुणी भांडायला आलं की मीच म्हणायचो, "अहो, सही करण्याआधी वाचायला नको का?" आशालता म्हणाली, "आता त्याचं काय करणार? उशी सरळ करा आणि झोपा."

प्रदर्शनाच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. आशालताही आली, किशोर तर कॅमेरा घेऊन आले. आमच्या सोसायटीतल्या मतदानाचं काय झालं म्हणाल, तर ते बरोबरीत सुटलं, माझी दोन मतं दोन्हीकडे धरून. सुभान्या यंदा तिसरा आला. परीक्षकांच्या मते एका शिंगाचं टोक किंचित झिजलं होतं. ते कशावर झिजलं याबद्दल मी काही बोललो नाही.

माईकवर खरखर झाली. "मेंढा गट, तिसरा क्रमांक. सुभान्या. मालक, राजाबाई जोतिबा कोकरे, नांदे!"

राजाबाई दावं धरून मागे उभ्या होत्या. क्षणभर हलल्याच नाहीत. मग त्यांनी दावं धनाजीच्या हातात दिलं, म्हणाल्या, "धर," आणि पुढे गेल्या. फेटा बांधणाऱ्यानं जरा विचार केला, पण बांधला. किशोरनी फोटो काढला. राजाबाई मधोमध, मान ताठ, शेजारी सुभान्या आणि कडेला धनाजीचा हात, कोपरापर्यंत. मी टाळ्या अशा वाजवल्या की शेजारच्या माणसानं विचारलं, "तुमच्या कोण?"

"माझी विद्यार्थिनी," मी म्हणालो.

मग बक्षिसाच्या टेबलावर रांग लागली. तिथल्या साहेबांनी एक छापील कागद पुढे सरकवला. त्याच्या तळाशी पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली होती. मी ती लांबूनच ओळखली.

"बाई, इथे सही करा. नुसती पोच आहे. वाचत बसू नका, मागे लई रांग आहे."

राजाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झालो आणि एकतीस वर्षांत एकदाही न बोललेलं वाक्य बोललो.

"साहेब, त्यांना वाचू द्या. घाई असेल तर आपण बसून घ्या."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मागे रांग कुरकुरत होती. कागदच होता, काडीची गरज नव्हती. राजाबाईंनी फेटा सावरला आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.